दौलताबादच्या हौदावर पाटी लावा

किल्ले सर्वांसाठी खुले करा, अशी हाकाटी हल्ली जोरात आहे. रॅम्प घाला, कठडे लावा, संडास बांधा. घाला की. कोण नको म्हणतंय? पण ‘सर्वांसाठी’ म्हणताना जीभ जरा सांभाळा. दौलताबादच्या दरवाजात या शब्दाचा हिशोब अजून बाकी आहे.

१९३४ साल. बाबासाहेब चळवळीतले तीसेक सहकारी घेऊन वेरूळची लेणी बघायला निघाले. वाटेत दौलताबाद. निजामाचं राज्य, रमजानचा महिना. प्रवासानं माणसं धुळीनं माखलेली. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला हौद, भोवती फरसबंदी. काहींनी हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. गुन्हा एवढाच. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा पाणी बाटलं म्हणून बोंबलत आला, त्याच्यामागं जमाव. शिव्या सुरू. गावच्या आपल्याच गरीब माणसांना दमदाटी, की पाहुण्यांना हौदाचा कायदा का सांगितला नाही. ते बिचारे तर तेव्हा तिथं नव्हतेसुद्धा!

आणि पाहुणे कोण? कोलंबियाचा, लंडनचा पदवीधर, बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत बोलून आलेला माणूस. हौदापाशी ते सगळं शून्य. बाबासाहेबांनी उलट विचारलं, की हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला पाणी घेऊ द्याल का नाही? जमाव गप्प. मग नावाची चिठ्ठी आत गेली, परवानगी बाहेर आली. किल्ला बघा, पण आत कुठंही पाण्याला शिवायचं नाही. शिवतात का ते बघायला एक हत्यारबंद शिपाई सोबत.

म्हंजे प्रवेश होता. हे नीट ध्यानात घ्या, दोस्तहो. दार उघडं होतं, आणि पाठीमागं बंदूक चालत होती. दार उघडलं की झालं स्वागत, असं मानणाऱ्यांनी हे आधी वाचावं. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये. पुस्तिका म्हणून ते छापून आलं १९९० साली.

हे वाचून ज्यांना मुसलमानांवर तोंडसुख घ्यायची गुदगुली होते, त्यांनी रायगडाच्या वाटेवर महाडला उतरावं. २० मार्च १९२७, चवदार तळं. पाणी प्याले म्हणून आमच्या माणसांची डोकी फोडली आणि मागाहून शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. तिथं कुठला दाढीवाला होता? बाटवायला दोन्हीकडं आम्हीच.

आज दौलताबाद पुरातत्त्व खात्याकडं आहे. तिकीट काढा, आत जा. ही कमाई संविधानाची. त्याच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट हे शब्द नाव घेऊन घातलेत. कुठल्या तहानेतून आले ते, ही शाळेच्या सहलीतल्या पोराला कळायला नको? त्याच्या कानावर राजांची यादी पडते. रामदेवराय, खिलजी, १३२७ ला दिल्लीची राजधानी इथं आणणारा तुघलक, चिनी महालात डांबलेला तानाशहा. मग मेंढा तोफ, मग अंधारी. डोंगराचा कडा तासून भिंतीसारखा उभा केला, खडकात खंदक खोदला, त्या छिन्नीवाल्याला नाव नाही. १९३४ च्या त्या प्रसंगात तर राजाच नव्हता, मग ते यादीत बसवायचं कुठं!

आपल्यातलेच काही म्हणतील, रॅम्पशी आपला काय संबंध? आहे. तुझी सोय इथं नाही, हे वाक्य आपल्याला पाठ आहे. २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा कागदावर झोपवू नका. अंधारीतून चाकाची खुर्ची जाणार नाही, आणि त्यासाठी खडक फोडा असं मी म्हणत नाही. पण खालच्या कोटात, चांद मिनारापर्यंत तरी वाट सपाट करा. वरचा किल्ला खाली आणा. दगडी नमुना ठेवा, आंधळ्यानं हात फिरवून कडा, खंदक, पूल समजून घ्यावा. गुडघे गेलेल्या म्हातारीला सावलीत बसायला बाक द्या. आणि दरवाजातच पाणी. फुकट. पोराचा आणि खुर्चीतल्या माणसाचा हात पोचेल इतक्या उंचीवर नळ. जिथं पाण्यावर पहारा बसला, तिथं पाण्याची बाटली विकत घ्यायला लावू नका.

पण रॅम्प घालून हौद झाकायचा नाही. हौदापाशी दगडात पाटी पाहिजे. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजीत, शिवाय ब्रेलमध्ये. त्यात साल पाहिजे, तीस माणसं पाहिजेत, शिपाई पाहिजे, विनाकारण दम खाल्लेली गावची माणसंही पाहिजेत. ‘एक दुर्दैवी प्रसंग’ असले गुळमुळीत शब्द चालणार नाहीत. लिहिताना हात थरथरत असेल तर मजकूर आम्ही देतो.