गिअरचा हिशेब आहे, फुफ्फुसाचा नाही

वाळूजच्या एखाद्या कारखान्यात बनलेला मोटारसायकलचा गिअर सहा वर्षांनी तुटला, तर तो कोणत्या तारखेला, कोणत्या शिफ्टमध्ये, कोणत्या मशीनवर बनला आणि त्याचं लोखंड कोणत्या लॉटमधलं होतं, हे अर्ध्या तासात शोधता येतं. हे मला माहीत आहे, कारण माझं कामच ते आहे. इंजिनिअरिंग झाल्यापासून मी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. आमच्या भाषेत याला ट्रेसेबिलिटी म्हणतात. मशीनच्या बेअरिंगची थरथर, कूलंटचं तापमान, टूल किती पार्टनंतर बदललं, सगळ्याची नोंद होते. मशीन बिघडण्याआधीच स्क्रीनवर लाल दिवा लागतो.

तो गिअर बनवणाऱ्या माणसाला सहा वर्षांनी जिना चढताना दम लागू लागला, तर मात्र शोधायला काहीच नसतं. त्याने किती वर्षं कोणती धूळ श्वासात घेतली, कोणत्या रंगाच्या वाफेत काम केलं, किती आवाजात उभा राहिला, हे ना कंपनीकडे लिहिलेलं असतं, ना ठेकेदाराकडे, ना दवाखान्याच्या केस पेपरवर. केस पेपरवर नाव असतं, वय असतं, वजन असतं, बीपी असतं. ‘व्यवसाय’ हा रकाना असला तर रिकामा असतो, नाहीतर त्यात ‘मजुरी’ एवढाच शब्द असतो.

ज्या गोष्टीसाठी रकानाच नाही, ती गोष्ट डेटाबेसच्या दृष्टीने घडतच नाही. वाळूजमध्ये कामामुळे होणाऱ्या आजारांचं नेमकं हेच झालं आहे.

आगीची बातमी होते, धुळीची होत नाही

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. सहा कामगार गेले. आत झोपलेल्यांत बिहारहून आलेले मजूर होते. कारखाना हेच त्यांचं घर होतं. दोन-तीन दिवस बातम्या आल्या, नेते आले, मदत जाहीर झाली.

या घटनेत एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. जो माणूस कारखान्यातच झोपतो, त्याची शिफ्ट संपली तरी श्वास कारखान्याच्या हवेतच चालू असतो. कायद्यातल्या मर्यादा आठ तासांच्या हिशेबाने ठरतात. त्याचे तास चोवीस असतात. आग लागली नसती तर तो मजूर दहा वर्षांनी गावी परतला असता आणि तिथल्या डॉक्टरने खोकल्याचं औषध दिलं असतं. त्याची बातमी झाली नसती.

१९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि वाळूजचं रूप बदललं. मोठ्या कंपनीमागे शेकडो लहान पुरवठादार आले. रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर, वडगाव कोल्हाटी ही गावं खोल्यांच्या चाळींनी भरली. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतीतून आलेल्या लाखो लोकांचं घर या पट्ट्याने चालवलं आणि आजही चालवतो, हे आधी मान्य करू. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. सत्तरच्या वर गेलेले ४३ पट्टे ‘अतिप्रदूषित’ ठरले. औरंगाबादला ७७.४४ मिळाले होते. तो आकडा हवा, पाणी आणि जमिनीचा होता. त्या हवेत उभं राहून काम करणाऱ्या माणसांच्या शरीराचा आकडा कोणी काढला नाही.

तीन आजार, तीन चुकीची नावं

कामाचा आजार अंगावर पाटी लावून येत नाही. तो दुसऱ्या आजाराचं नाव घेऊन येतो.

फाउंड्रीत वाळूच्या साच्यातून निघालेलं कास्टिंग ग्राइंडरने साफ करतात. त्या वेळी उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. डोळ्याला दिसणारी धूळ नाकात अडकते, खरी घातक असते ती न दिसणारी बारीक धूळ. ती फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथे गाठी बनवते. हा सिलिकोसिस. एक्स-रेमध्ये तो टीबीसारखा दिसू शकतो, आणि सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याची शक्यताही जास्त असते. म्हणून कामगाराला टीबीची गोळी सुरू होते, कोर्स संपतो, दम तसाच राहतो. आधी काय काम करत होतास, हे कोणी विचारत नाही.

दुसरा आजार आपल्या मोहल्ल्यांच्या जास्त जवळचा आहे. दहावीनंतर शाळा सुटलेली आपली किती मुलं डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये, पावडर कोटिंगमध्ये, फर्निचर पॉलिशमध्ये जातात, ते मोजा. गाड्यांना मारायच्या टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांनी दमा होतो. एकदा शरीर त्यांना चिडलं की पुढे थोडीशी वाफही पुरते. पोरगा तोंडाला रुमाल बांधतो. रुमालाने वाफ अडत नाही. कोविडमध्ये घेतलेला एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, वाफ त्यातूनही जाते. त्यासाठी कार्ट्रिजवाला मास्क लागतो आणि हवा बाहेर खेचणारा पंखा लागतो. या मुलाच्या केस पेपरवर शब्द असतो ‘ॲलर्जी’.

तिसरा आजार माझ्या घरात आहे. माझे मामू एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये एकोणीस वर्षं होते. त्यांना अजान ऐकू येते, पुरुषांचं बोलणं बऱ्यापैकी कळतं. नातवंडं आणि मामी बोलली की ते नुसती मान हलवतात. आवाजाने जाणारी श्रवणशक्ती आधी उंच पट्टीतली जाते, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे स, फ, च असे बारीक आवाज गळतात आणि लहान मुलांचे, बायकांचे शब्द अर्धे कळतात. घरचे म्हणतात, मामू लक्ष देत नाहीत. बाहेरचे म्हणतात, वय झालं. मामू चोपन्न वर्षांचे आहेत. नोकरीला लागताना त्यांच्या कानांची तपासणी झाली नव्हती, त्यामुळे ऐकणं प्रेस शॉपमध्येच गेलं हे दाखवायला त्यांच्याकडे कागद नाही.

हिशेब कुठे तुटतो

कायदा नाही, असं म्हणायची सोय नाही. कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी कायद्यात आहे. त्यात सिलिकोसिस आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे, शिशाची विषबाधा आहे. हे आजार ईएसआयमध्ये अपघाती इजेसारखेच धरले जातात आणि कायमचं अपंगत्व आलं तर पैसे मिळतात. असा रुग्ण दिसला तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकांच्या खात्याला कळवणं १९४८ च्या कारखाने कायद्यापासून बंधनकारक आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपण कशाच्या सान्निध्यात काम करतो, ही माहिती मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला.

आता पुढची अट वाचा. यादीतल्या अनेक आजारांसाठी एका मालकाकडे सलग सहा महिने काम झालेलं असेल, तर आजार कामामुळे झाला असं कायदा गृहीत धरतो. तसं नसेल तर सिद्ध करण्याचा भार कामगारावर येतो. वाळूजमध्ये ठेकेदारीवर काम केलेल्या कोणालाही ‘ब्रेक’ हा शब्द विचारा. काही महिने झाले की ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, कधी त्याच गेटमधून, त्याच मशीनवर. माणूस तोच, धूळ तीच, कागदावर मात्र मालक नवा. दहा वर्षांची धूळ वीस तुकड्यांत विभागली जाते आणि एकही तुकडा पुरेसा लांब नसतो.

त्यात ईएसआयचं रुग्णालय चिकलठाण्याला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तपासणीला जायचं म्हणजे एक खाडा. म्हणून माणूस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो, इंजेक्शन घेतो आणि सेकंड शिफ्टला हजर होतो. नोंद इथेही होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यात प्रत्येकाला नियुक्तिपत्र आणि ठरावीक कामगारांना मालकाच्या खर्चाने वार्षिक आरोग्य तपासणी या चांगल्या गोष्टी आहेत. त्याच वेळी विजेवर चालणारा कारखाना ‘कारखाना’ ठरण्यासाठीची कामगारसंख्या दहावरून वीसवर गेली. दहा-पंधरा माणसांची प्लेटिंगची, रंगाची, ग्राइंडिंगची वर्कशॉप याच फटीत येतात, आणि सगळ्यात वाईट हवा बहुतेकदा तिथेच असते.

आतली हवा बाहेर येते

काहींना वाटेल, हा कामगारांचा प्रश्न आहे. मी आयटीत, एसीत बसतो, माझा काय संबंध?

बाहेरून पाहुणे आले की आपण त्यांना पाणचक्की दाखवतो. नहरीचं पाणी दाखवतो, मलिक अंबरचं नाव अभिमानाने घेतो. पाणचक्कीच्या शेजारून वाहणाऱ्या खाम नदीकडे मात्र बोट दाखवत नाही. तीच खाम शहराचं सांडपाणी घेऊन वाळूजच्या बाजूने पुढे जायकवाडीच्या जलाशयाकडे जाते. शहराच्या नळाला पाणी त्याच जलाशयातून येतं.

कारखान्यातलं रसायन आधी कामगाराच्या अंगात जातं, मग त्याच्या कपड्यांवरून घरच्या बादलीत, मग नाल्यात आणि बोअरच्या पाण्यात. सगळ्यात जास्त मात्रा त्याला मिळते, म्हणून सगळ्यात आधी तोच आजारी पडतो. त्याची नोंद ठेवली तर आपल्या सगळ्यांना इशारा काही वर्षं आधी मिळतो.

नोंद ठेवली की काय होतं, याची उदाहरणं आहेत. मुंबईत घाटकोपरच्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांची डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी मिळून तपासणी केली. २००५ मध्ये तो अभ्यास छापून आला. तपासलेल्यांपैकी पाचात एकाहून जास्त जणांना ॲस्बेस्टॉसिस होता. तपासणीमुळे आजार वाढला नाही, तो दिसू लागला. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी धोरण आणलं. दाणखाणीत आणि दगडाच्या कामात आजारी पडलेल्यांची ऑनलाइन नोंदणी, प्रमाणपत्र आणि आर्थिक मदत अशी साखळी बांधली. रकाना तयार झाला आणि जे हजारो लोक इतकी वर्षं टीबीचे रुग्ण म्हणून जगत होते, ते मोजले गेले. महाराष्ट्र सॉफ्टवेअरमध्ये राजस्थानच्या मागे आहे का?

‘तपासणी झाली तर नोकरी जाईल’

हा आक्षेप मी कामगारांकडूनच ऐकला आहे आणि तो खरा आहे. तपासणीत दोष निघाला की ठेकेदार दुसऱ्या दिवसापासून ‘येऊ नको’ म्हणतो. म्हणून नोंद कोणाच्या हातात असते, हा मुद्दा नोंदीइतकाच मोठा आहे. ती कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर माणसं गाळायला वापरली जाईल. ती कामगाराच्या खिशात असली पाहिजे, आणि दोष निघालेल्या माणसाला पगार न कापता दुसऱ्या विभागात काम, ही मागणी तिच्यासोबत आली पाहिजे.

‘उद्योग निघून जातील’ हा दुसरा आक्षेप. जो उद्योग एका बोल्टचा जन्मदाखला सांभाळतो, त्याला माणसाची दोन पानं सांभाळणं महाग पडत नाही. लहान वर्कशॉपचा मालक तर स्वतः त्याच हवेत उभा असतो. त्याला दंडाची भीती दाखवण्याआधी एक्झॉस्ट पंखा कसा आणि कुठे बसवायचा, हे सांगणारा माणूस हवा आहे.

आपण काय करू शकतो

प्रत्येक कामगाराची एक कामाची वही असावी. साधी शंभर पानी चालेल. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणती कंपनी, कोणता ठेकेदार, कोणता विभाग, कोणतं मशीन, ड्रमवर लिहिलेलं रसायनाचं नाव, रोजचे तास, मास्क मिळाला की नाही. सोबत पगाराची पावती, गेटपास आणि ईएसआयचा नंबर. ठेकेदार बदलला तरी वही तीच राहते. वीस तुकडे जोडणारा दोरा तिच्यातच आहे. ज्यांना लिहिणं जमत नाही, त्यांची वही मोहल्ल्यातल्या कॉलेजच्या मुलांनी लिहावी. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर दोन टेबलं मांडली तरी एका महिन्यात बरंच काम होईल. रांजणगावच्या चाळींमध्ये हीच टेबलं रविवारी मांडावीत, आणि तिथे कोणाचा धर्म विचारायचं कारण नाही.

आपल्यातल्या मेडिकलच्या मुलामुलींसाठी तीन प्रश्न आहेत. काय काम करता? त्याआधी काय करत होता? सुटीच्या दिवशी बरं वाटतं का? इटलीच्या रामाझ्झिनी या डॉक्टरने १७०० मध्ये कामाच्या आजारांवर पुस्तक लिहिलं आणि रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असं डॉक्टरांना बजावलं. सव्वातीनशे वर्षं झाली. तिसरा प्रश्न तर फुकटची तपासणी आहे. रविवारी कमी होणारा आणि सोमवारी रात्री परतणारा खोकला आपला पत्ता स्वतः सांगतो.

आणि माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी. आपल्यातले काही जण दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहितात, काही कारखान्यांसाठी. दवाखान्याच्या नोंदणीत ‘व्यवसाय’ हा रकाना सक्तीचा करा आणि त्यात ‘मजुरी’ हा पर्याय ठेवू नका. फाउंड्री, प्रेस, पेंट, प्लेटिंग, वेल्डिंग असे पर्याय द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे. एका वर्षाने त्या यादीला ‘दम’ आणि ‘खोकला’ या शब्दांनी गाळणी लावली, तर कोणत्या विभागाची हवा बिघडली आहे ते कुठल्याही समितीशिवाय दिसेल. नावं वगळून तो आकडा कारखाना निरीक्षकांपुढे आणि ईएसआयपुढे ठेवता येईल. तोपर्यंत आपल्याकडे फक्त तक्रार आहे, आणि तक्रारीला फाइलमध्ये जागा सापडायला वर्षं लागतात.

मी या महिन्यात मामूंपासून सुरुवात केली आहे. एकोणीस वर्षं आठवून लिहायला आम्हाला तीन रविवार लागले. सात ठेकेदारांची नावं निघाली, दोन अजून आठवायची आहेत.