बरे झाल्यानंतरची लस आणि ताप

एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेने नागपूरला फार पोळले. धरमपेठ, गोकुळपेठेतील दुकाने नंतर उघडली, तरी आजार सोसलेल्या अनेक घरांत तेव्हा एक शंका होती : ज्या दुखण्यातून कसेबसे बाहेर आलो, त्याचीच लस घेऊन पुन्हा ताप का ओढवून घ्यावा?

हा ताप म्हणजे परतलेला कोविड नव्हे. कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन, दोन्हींत कोरोनाचा जिवंत विषाणू नसतो. मग ताप का येतो? एकदा फसवून गेलेला माणूस पुन्हा पेढीची पायरी चढला, तर मुनीम त्याला लांबूनच ओळखतो. बरे झालेल्या शरीराचेही तसेच असते. ओळखीची खूण दिसताच ते त्वरेने आणि जोराने प्रतिकार करते. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत, कोविशील्डच्याच मूळ लसीच्या पहिल्या मात्रेनंतर ताप, थकवा, अंगदुखी यांसारख्या तक्रारी पूर्वी कोविड झालेल्यांत दीडपटीहून अधिक आढळल्या. त्या बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतात.

मात्र घाई नको. १९ मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कळविल्यानुसार, बरे झाल्यावर तीन महिन्यांनी लस घ्यायची होती. पहिल्या मात्रेनंतर कोविड झाला असल्यास दुसरी मात्राही तीन महिने पुढे ढकलायची, असा तेव्हाचा नियम होता.

लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबावे. ताप अनेकदा रात्री चढतो. त्या वेळी पाणी आणि औषध लागू शकते. म्हणून चौविहार किंवा उपवास असलेला दिवस लसीसाठी निवडू नये. तापावर पॅरासिटामॉल पुरते. तेही आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

पुढील २० दिवसांत धाप लागणे, छातीत दुखणे, पायाला सूज, न थांबणारी तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, किंवा टोचलेल्या जागेपासून दूर त्वचेवर लाल ठिपके यांपैकी काहीही आढळल्यास अंगावर काढू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे व लसीची तारीख सांगावी.

एका रात्रीच्या तापाला भिऊन दुसरी मात्रा सोडणे हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे. घरातील सर्व कर्त्यांनी मात्र एकाच दिवशी लस घेऊ नये. दोन-तीन दिवसांचे अंतर ठेवल्यास आजाऱ्याजवळ बसायला माणूस राहतो, आणि दुकानही अडत नाही.