ठोशाचा जमाखर्च

सातपूर, अंबड, नाशिकरोड या कामगारांच्या भागांत फिरताना आम्हाला एक बदल दिसतो. पूर्वी पोरे तालमीत जोर-बैठका मारत. आता गाळ्यागाळ्यांतून जिम झाल्या आहेत. छताला जड पिशवी टांगलेली असते आणि हाताला पट्ट्या गुंडाळून पोरे तिच्यावर ठोसे मारत असतात. मोबाईलवर अमेरिकेतल्या, इंग्लंडातल्या लढती बघतात. कोणाला किती कोटी मिळाले हे त्यांना तोंडपाठ असते. मग एक दिवस पोरगा घरी सांगतो, ‘मला कंपनीत नाही जायचं, मी बॉक्सिंगच करणार.’ आणि आई-बाप आमच्यासारख्याला विचारतात, ‘दादा, यात पोट भरतं का?’

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर कोणी सरळ देत नाही. जिमवाला फी घेतो, म्हणून तो ‘हो’ म्हणतो. शेजारीपाजारी हसतात, म्हणून ते ‘नाही’ म्हणतात. आम्ही पडलो कारकून माणूस. उत्तर देण्याआधी जमा आणि खर्च समोरासमोर मांडून बघावा, एवढेच आम्हाला कळते. आज तेच करू.

पहिली गोष्ट म्हणजे बॉक्सिंग दोन प्रकारचे आहे, हे समजून घ्या. आपल्याकडच्या कुस्तीवरून ते चटकन कळेल. एक कुस्ती अधिवेशनातली. जिल्ह्याकडून खेळायचे, वजनगटात लढायचे, पदक घ्यायचे. जानेवारी २०२० मध्ये नाशिककडून खेळणारा हर्षवर्धन सदगीर पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरी झाला, ती या प्रकारातली. दुसरी कुस्ती जत्रेतली, इनामाची. तिथे आयोजक जोड लावतो, रक्कम ठरवतो आणि जिंकेल तो ती घेऊन जातो. बॉक्सिंगमध्येही असेच आहे. हौशी बॉक्सिंगमध्ये तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात आणि शाळा, जिल्हा, राज्य, देश अशी चढण असते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये नवखा चार फेऱ्यांपासून सुरुवात करतो आणि जगज्जेतेपदाची लढत पुरुषांत बारा, तर बायकांत दहा फेऱ्यांपर्यंत जाते. तिथे पदक नाही. तिथे मानधन आणि कमरेचा पट्टा. पट्टा देणाऱ्या मोठ्या संस्थाच चार आहेत, त्यामुळे एका वजनात एकाच वेळी चार-चार जगज्जेते असू शकतात.

आता एका लहानशा देशाकडे बघू. आयर्लंडची लोकसंख्या आपल्या मुंबई शहराहूनही कमी. पण बॉक्सिंगमध्ये त्याचे नाव मोठे. डब्लिनमध्ये खास बॉक्सिंगसाठी बांधलेले स्टेडियम १९३९ पासून उभे आहे. कामगार वस्त्यांतले क्लब हीच तिथल्या बॉक्सिंगची मुळे. त्याच देशातल्या दोघी जणींची गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. दोघीही साठ किलो वजनगटातल्या, दोघीही ऑलिम्पिक सुवर्णपदकाच्या मानकरी.

पहिली केटी टेलर. २०१२ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये बायकांचे बॉक्सिंग पहिल्यांदा आले आणि तिने सुवर्ण जिंकले. २०१६ मध्ये ती व्यावसायिक झाली. ३० एप्रिल २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अमांडा सेरानोशी तिची लढत झाली. त्या सभागृहात बायकांची लढत मुख्य म्हणून होण्याची ती पहिलीच वेळ होती आणि दोघींनाही दहा लाख डॉलरहून अधिक मानधन मिळाले.

दुसरी केली हॅरिंग्टन. डब्लिनच्या गरीब वस्तीतली. ती एका मनोरुग्णालयात सफाई कामगार होती. टोकियोत २०२१ मध्ये सुवर्ण जिंकले आणि परत येऊन आपल्या कामावर रुजू झाली. २०२४ मध्ये पॅरिसला दुसरे सुवर्ण घेतले. इनामाच्या लढतींची वाट तिने धरली नाही.

यातली शहाणी कोण? आम्ही म्हणू, दोघीही. पण एक गोष्ट पाहा. केटीने इनामाच्या लढतीत पाय ठेवला तेव्हा तिच्या हातात आधीच ऑलिम्पिकचे सुवर्ण होते. तिला सौदा करता आला. हात रिकामे असताना रिंगमध्ये उतरणाऱ्याला सौदा करता येत नाही. समोरचा देईल ते घ्यावे लागते.

आपल्या विजेंदर सिंगचेही तसेच. बाप हरयाणात बसचालक. पोराने २००८ मध्ये बीजिंगला कांस्य जिंकले, पोलीस खात्यात उपअधीक्षकाची नोकरी मिळाली आणि तिशीला टेकल्यावर, ऑक्टोबर २०१५ मध्ये, मँचेस्टरला पहिली व्यावसायिक लढत लढला. ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत वरळीला त्याने चीनच्या मल्लाला हरवले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी टीव्हीवर ते पाहिले असेल. ओळीने बारा लढती जिंकल्यावर मार्च २०२१ मध्ये गोव्यात, मांडवी नदीतल्या जहाजावर, रशियाच्या लोप्सानने त्याला पहिल्यांदा हरवले. हरला, पण उघड्यावर पडला नाही. मागे नाव होते, पदक होते.

आता वही उघडू. परदेशात व्यवस्थापकाचा हिस्सा मानधनाच्या पाव ते एक तृतीयांश असतो. प्रशिक्षकाचा वेगळा. समजा, आपल्या पोराला चार फेऱ्यांच्या लढतीचे वीस हजार रुपये ठरले. व्यवस्थापकाचे पाच हजार गेले. प्रशिक्षकाचे दोन हजार. रक्ताच्या तपासण्या आणि डोक्याचा स्कॅन स्वतःच करायचा असेल तर पाच हजार धरा. प्रवास, हातमोजे, दातांचे कवच यांचे दोन हजार. उरले सहा हजार. या लढतीसाठी दोन महिने तयारी केली असेल, तर महिन्याला तीन हजार पडले. दूध, अंडी, मटण हा खुराक तर आईच्या डब्यातल्या पैशांतूनच गेला! हे आकडे आम्ही हिशेब दाखवण्यासाठी धरले आहेत. तुमच्याकडचे खरे आकडे घाला आणि बेरीज-वजाबाकी स्वतः करा.

ब्रिटन-आयर्लंडच्या छोट्या सभागृहांत आणखी एक रीत आहे. नवख्याने आपल्याच पाहुण्यारावळ्यांना, गल्लीतल्या मित्रांना तिकिटे विकायची आणि त्या विक्रीवर त्याचे मानधन ठरायचे. म्हणजे मार त्याने खायचा आणि पैसेही त्याच्याच नातलगांनी भरायचे.

होतकरू मल्लाचा ‘दहा लढती, दहा विजय’ असा स्वच्छ कागद कसा तयार होतो, तेही समजून घ्या. त्याच्यासमोर मुद्दाम असे गडी उभे केले जातात, ज्यांचे कामच हरायचे असते. इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधला पीटर बकली २००८ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या तीनशे लढती झाल्या होत्या आणि त्यांतल्या दोनशे छप्पन्न तो हरला होता. यात आम्हाला हसण्यासारखे काही दिसत नाही. तो रोजंदारीवरचा कामगारच होता, फक्त त्याची रोजंदारी तोंडावर मिळत होती. आई-बापांनी विचारायचे ते हे, की माझे पोर यातल्या कोणत्या बाजूला उभे राहणार आहे? स्वच्छ कागद ज्याचा करायचा आहे त्याच्या, की ज्याच्या अंगावर तो करायचा आहे त्याच्या?

खर्चाच्या बाजूला आणखी एक रक्कम आहे आणि ती रुपयांत मांडता येत नाही. १९८२ साली लंडनमध्ये आयर्लंडच्या बॅरी मॅकगिगनशी लढताना नायजेरियाचा यंग अली कोसळला. बेशुद्धीतून तो उठलाच नाही आणि काही महिन्यांनी वारला. मॅकगिगन १९८५ मध्ये जगज्जेता झाला, तेव्हा तो विजय त्याने यंग अलीला अर्पण केला. लांब कशाला? जुलै २०२२ मध्ये बंगळुरूत किकबॉक्सिंगच्या एका लढतीत म्हैसूरचा तरुण मुलगा डोक्याला मार लागून गेला. तिथे पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती, अशी तक्रार त्याच्या वडिलांनी केली. डॉक्टर आणि रुग्णवाहिका हजर नसेल तिथे पोराला रिंगमध्ये चढू देऊ नका. आयोजक कितीही ओळखीचा असो, त्याची भीड धरू नका.

मग बॉक्सिंग नकोच का? तसे आम्ही मुळीच म्हणत नाही. गरिबाच्या लेकराला मैदानाने मोठे केल्याची उदाहरणे याच वर्षांतली आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडात लिव्हरपूलला झालेल्या जागतिक स्पर्धेत हरयाणाच्या मीनाक्षी हुड्डाने अठ्ठेचाळीस किलोत सुवर्ण जिंकले. तिचे वडील ऑटोरिक्षा चालवणारे. त्याच स्पर्धेत सत्तावन्न किलोत सुवर्ण घेणारी जास्मिन लांबोरिया भारतीय लष्करात आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या लेकीही मागे नाहीत. नागपूरची अल्फिया पठाण, पोलीस खात्यातल्या माणसाची मुलगी, एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमध्ये जगज्जेती झाली. पुण्याच्या देविका घोरपडेने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पेनमध्ये बावन्न किलोत सुवर्ण घेतले. दोन्ही स्पर्धा युवा गटाच्या होत्या. ‘पोरीचं नाक मोडलं तर लग्न कसं व्हायचं’ असे म्हणणाऱ्या आजीबाईंना या दोघींचे फोटो दाखवावेत.

खरे तर बॉक्सिंगची सुरुवात आपल्याच राज्यात लवकर झाली. मुंबई इलाख्याची बॉक्सिंग संघटना १९२५ ची आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५० साली मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. तरी आज हरयाणा पुढे का? आमच्या मते एक मोठे कारण हे, की तिथे पदकामागे नोकरी उभी राहिली. लष्कर, पोलीस, रेल्वे, राज्य सरकार. घरच्यांना दिसले की पोरगी खेळली तर पगार येतो, मग ते तिला पहाटे चार वाजता स्वतः उठवू लागले.

ही वाट आपल्यालाही बंद नाही. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. शालेय स्पर्धांत बॉक्सिंग आहे. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत बॉक्सिंग शिकवतात. पुण्याला लष्कराची क्रीडा संस्था २००१ पासून चालू आहे आणि तिच्या बॉईज कंपनीत लहान मुलांना निवडून खेळाबरोबर शाळाही शिकवतात. आपल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याच्या कामावर जात होता. लष्करात गेला, तिथे पहिल्यांदा वल्हे हातात धरले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला उतरला. खेळ वेगळा, पण वाट तीच.

मात्र या सगळ्यासाठी कागद लागतो. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचेच हवे. कोणीही हॉल भाड्याने घेऊन ‘राष्ट्रीय’ असा फलक लावतो, पाचशे रुपये घेऊन पदक गळ्यात घालतो. असे प्रमाणपत्र पडताळणीत टिकत नाही. महाराष्ट्रात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या घेतल्याची प्रकरणे उघड झाली आहेत आणि त्यात पोरांवरही गुन्हे दाखल झाले. म्हणून स्पर्धेची फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता उत्तर. पोराला, पोरीला बॉक्सिंग शिकू द्या. शिस्त लागेल, व्यसन दूर राहील, अंगात धमक येईल. पण शाळा-कॉलेज सोडू देऊ नका. आधी पदक, मग नोकरी, आणि इनामाची लढत त्यानंतर. अठराच्या आत कोणत्याही करारावर सही नको. अठरानंतरही करार घरी आणा, दोन शहाण्या माणसांना वाचायला द्या, हिस्सा किती आणि मुदत किती हे समजल्याशिवाय पेन उचलू नका. लढतीत डोक्याला मार लागला तर डॉक्टर सांगेल तितके दिवस पिशवीलाही हात लावू देऊ नका.

आणि ‘यात पोट भरतं का’ या प्रश्नाला आमचे उत्तर असे. ठोशाने पोट भरणारे थोडे, ठोशामुळे मिळालेल्या नोकरीने घर उभे करणारे पुष्कळ. पोर जिंकले तर काय मिळेल याचा हिशेब सगळेच करतात. हरले तर हातात काय उरेल, हा हिशेब आई-बापांनी करायचा असतो.