न्यायमूर्तींची थोरवी कशानें मोजावी?

आमच्याकडे न्यायमूर्तींचें चरित्र लिहिण्याची एक ठराविक रीत आहे. विद्वत्ता, वकिली, नेमणूक, गाजलेले निकाल आणि शेवटीं निवृत्तीचे हारतुरे! या यादींत पक्षकाराला कोठेंच जागा नसते. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ति व्ही. एस. देशपांडे यांचें खरें मोल आम्हांस कळलें आहे, असें म्हणवत नाहीं.

बीड जिल्ह्यांतील तलवाडा हें गांव घ्या. येथील शेतकऱ्याचा बांधाचा तंटा १९५६ पूर्वीं वर गेला तर हैदराबादेस जाई. मराठवाडा मुंबई राज्यांत आल्यावर तो मुंबईस जाऊं लागला. वकिलाची फी, प्रवासखर्च, मुक्कामाची पंचाईत, आणि वर पुढची तारीख! ज्याची ऐपत नाहीं त्यानें अन्याय गिळून घरीं बसावें, हाच याचा सरळ अर्थ.

देशपांडे यांनीं १९८१ सालीं राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाचा आधार घेऊन, राज्यपालांच्या संमतीनें, औरंगाबादेस (आजच्या छत्रपती संभाजीनगरास) न्यायाधीशांनीं बसावें असा आदेश काढला. खुद्द मुंबई उच्च न्यायालयानेंच तो रद्द ठरविला! १९८२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो वैध मानला, आणि १९८४ मध्यें खंडपीठ कायमचें झालें.

न्यायालय विखुरलें कीं त्याची प्रतिष्ठा उणावते, नामांकित वकील आणि समृद्ध ग्रंथालयें राजधानींतच असतात, असें सांगणाऱ्यांस आमचा एकच प्रश्न आहे: ही प्रतिष्ठा कोणासाठीं? ग्रंथ हलवितां येतात, वकील न्यायालयाभोंवतीं तयार होतात. कर्जबाजारी शेतकऱ्यास मात्र मुंबई जवळ आणतां येत नाहीं. २०२५ च्या ऑगस्टमध्यें कोल्हापुरास न्यायाधीश बसूं लागले, तेही याच पोटकलमान्वयें. चव्वेचाळीस वर्षांपूर्वींच्या त्या आदेशाचें याहून चोख समर्थन कोणतें?

परंतु खंडपीठाच्या समर्थकांनींही फुशारून जाऊं नये. कोसांचें अंतर तुटलें, वर्षांचें तुटलें काय? बापानें केलेल्या अपिलाचा निकाल मुलानें ऐकावा, हा न्याय नव्हे. तलवाड्याच्या ग्रामदेवतेचें नांव त्वरिता आहे. तिच्या भक्ताला न्यायाच्या दारीं मात्र त्वरा तेवढी भेटत नाहीं. देशपांडे यांनीं दार जवळ आणलें. तें वेळेवर उघडणें हें आजच्या न्यायमूर्तींचें आणि रिक्त जागा भरणाऱ्या सरकारचें काम आहे. त्यांची थोरवी आम्ही त्यावरूनच मोजूं.