दुबईचं हॉटेल ठरवताना आधी आजीला विचारा



जुलै २०१९ मध्ये इंदूरहून दुबईला थेट विमान सुरू झालं आणि आपल्या धार-देवासच्या मराठी घरांतल्या गप्पांचा विषयच बदलला. पूर्वी कुणाची साठी-पंच्याहत्तरी असली की ओंकारेश्वर, नाहीतर मांडूला एक दिवस. आता थेट दुबई! चांगलंच आहे. हातपाय चालतात तोवर माणसानं जग बघून घ्यावं. माझं भांडण दुबईशी नाही, हॉटेल निवडण्याच्या पद्धतीशी आहे.

हॉटेल ठरवतं कोण? घरातलं सगळ्यात तरुण माणूस, मोबाईलवर फोटो बघून. आणि तिथे अडचण होते कुणाची? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची. म्हणून म्हणते, हॉटेलचे तारे नंतर मोजा, आधी आजीचे गुडघे बघा.

आमच्याकडचंच सांगते. सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन दुबईत करायचं ठरलं. मुलानं आणि भाच्यानं पाम बेटाच्या अगदी टोकाचं अटलांटिस काढलं. २००८ मध्ये उघडलेलं, दीड हजारांवर खोल्या, राहणाऱ्यांना वॉटरपार्क फुकट. सासूबाईंनी सगळे फोटो बघितले, छान आहे म्हणाल्या आणि दोनच प्रश्न विचारले. "खाली उतरलं की चार पावलं चालत जावं असं काही आहे का रे? आणि सकाळचा चहा किती वाजता?"

पहिल्या प्रश्नावर दोघंही गप्प. दुसरा तर कुणाला सुचलाच नव्हता. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. देवासला पहाटे पाचला उठणारी बाई तिथे साडेतीनलाच जागी होणार. नाश्त्याला तीन तास अवकाश. भव्य लॉबीचा तिला काय उपयोग? तिला खोलीत किटली हवी, नाहीतर दोन बर्नरचा ओटा.

आता ताऱ्यांबद्दल. बुर्ज अल अरब डिसेंबर १९९९ मध्ये उघडलं. सगळे त्याला सप्ततारांकित म्हणतात, पण ते नाव वर्तमानपत्रांनी चालवलं. अधिकृत दर्जा पंचतारांकितच. तारे बघून सोयी कळतात, आपल्या माणसाला तिथे कसं वाटेल ते कळत नाही. बाथटबची कड केवढी उंच आहे, हे कुठला तारा सांगतो?

सूनबाईचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते मला अर्धं पटतं. "आजींनी आयुष्यभर लग्नाकार्यात जमिनीवर गाद्या टाकून रात्री काढल्या. एकदा तरी राणीसारखं राहू द्या की त्यांना!" खरं आहे. पण राणीसारखं म्हणजे नेमकं कसं, हे राणीला विचारायला नको का? तिच्या मनातलं आणि आपल्या फोटोतलं एकच असेल असं नाही.

आणि राजवाड्याची हौस आपल्याला काय नवी? माझं माहेर धारचं. तिथला पवारांचा झिराबाग पॅलेस आज हॉटेल आहे. सासर देवासचं, आणि देवासला तर या हौसेचा इतिहासच आहे. थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे यांनी नवा राजवाडा बांधायला काढला. १९२१ मध्ये त्यांच्याकडे सचिव म्हणून आलेले ई. एम. फॉर्स्टर यांनी 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात लिहून ठेवलंय की एकीकडे बांधकाम चालू होतं आणि आधी बांधलेला भाग ढासळत होता. पुढे राज्य कर्जात बुडालं. कारणं बरीच होती, पण १९३३ च्या अखेरीस महाराज पाँडिचेरीला गेले ते परत आलेच नाहीत. १९३७ मध्ये तिथेच वारले.

हे आठवायचं कारण म्हणजे हप्ते. माझ्या ओळखीतल्या एका घरात पाच रात्रींच्या दुबईचे हप्ते अजून चालू आहेत, आणि मुलीच्या कॉलेजची फी मामाकडून उसनी घ्यावी लागली. फोटोंना लाइक मिळाले खूप. कर्ज घर बांधायला काढावं, शिक्षणाला काढावं. पाच रात्री झोपायला काढू नये, हे माझं ठाम मत आहे.

आम्ही शेवटी बर दुबईत मेट्रोजवळचं हॉटेल अपार्टमेंट घेतलं. दोन खोल्या आणि छोटं स्वयंपाकघर. खाली उतरलं की दुकानं, वाण्याचं सामान, माणसांची वर्दळ. दातारांनी १९८४ मध्ये पहिलं दुकान थाटलं ते याच भागात, त्यामुळे पोह्यांची चिंता नाही. एक दिरहमात अब्रा नावाच्या होडीतून खाडी ओलांडायची, पलीकडे सोनेबाजार. बुर्ज अल अरब आतून तिकीट काढून बघता येतं, तिथे झोपायलाच पाहिजे असं नाही.

तुमचं ठरत असेल तर एवढं बघा. मे महिन्यात भाडी उतरतात, पण ऊन चाळिशीच्या पुढे असतं, म्हाताऱ्यांना नोव्हेंबर ते मार्चच बरा. दाखवलेल्या भाड्यात कर आणि सेवाशुल्क धरलंय का ते विचारा. 'टुरिझम दिरहम' बहुधा हॉटेलात वेगळा भरावा लागतो, पंचतारांकितला एका खोलीमागे रात्रीचे २० दिरहम. बाथटबऐवजी सपाट जमिनीचं न्हाणीघर मागून घ्या. खोली लिफ्टजवळची सांगा.

सासूबाईंची बॅग फेब्रुवारीसाठी आत्ताच भरून तयार आहे. त्यात सगळ्यात वर चहाची चाळणी.