घोड्याचा प्रवास आणि धन्याचे कर्तव्य

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास जो अश्वबाजार भरतो, त्यात घोड्याची चाल, त्याची अवलाद, त्याच्या अंगावरील शुभाशुभ भोवरे यांची चिकित्सा ज्या बारकाईने होते, ती बारकाई सौदा पटल्यावर त्या मुक्या जिवास ट्रकच्या हौद्यात चढविताना क्वचितच दृष्टीस पडते. पुढून दोर ताणला जातो, मागून चाबूक वाजतो, आणि बिथरून मागे सरणाऱ्या जनावरास हट्टी ठरवून सारे मोकळे होतात.

ज्याला आपण हट्ट म्हणतो ते भय असते. घोडा हा धावून प्राण वाचविणारा प्राणी. उन्हातून अंधारात शिरताना त्याच्या दृष्टीस सरावण्यास माणसापेक्षा अधिक अवधी लागतो, नाकासमोरचे अगदी निकटचे त्याला दिसत नाही, आणि खुरांखाली पोकळ वाजणारी फळी त्याला विश्वासार्ह वाटत नाही. अशा वेळी मार खाल्लेला घोडा एकदा कसाबसा चढेलही. परंतु वाहन आणि वेदना यांची त्याच्या मनात पडलेली गाठ पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही.

म्हणून वाहनात चढण्याचे शिक्षण प्रवासाच्या आधी काही दिवस सुरू झाले पाहिजे. वाहन बांधाला टेकवून चढ कमी करावा, तळाशी पेंढा अंथरावा, आत उजेड राहू द्यावा. मोतद्दाराने दोर धरावा, पण घोड्याने एक पाऊल पुढे टाकताच तो तत्क्षणी सैल सोडावा, कारण ती ढील हीच त्याची शाबासकी. दोन पाय आत गेले की पुन्हा बाहेर येऊ द्यावे. तोबऱ्यातील हरभरा आत उभ्यानेच खाऊ लागल्यावर फळका लावावा, आणि मगच इंजिन सुरू करून एक लहानशी फेरी मारावी.

सरकारनेही या बाबतीत मौन पाळलेले नाही. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांत एका वाहनात चार ते सहाच घोडे, दोहोंमध्ये किमान 8 सेंटिमीटर व्यासाचा बांबू, न घसरणारा तळ, रहदारीपासून दूर राहावीत म्हणून डावीकडे वळविलेली तोंडे आणि ताशी 35 किलोमीटरची वेगमर्यादा, एवढे सारे नमूद आहे. त्यात अनुभवी जाणकारांची एक भर घालावी: डोके उंच व आखूड बांधू नये, मान खाली घालता आली नाही तर श्वासनलिकेत साचलेली धूळ व कफ बाहेर पडत नाही, आणि लांबच्या मजलेत फुप्फुसांचा घातक विकार जडतो.

तेव्हा यात्रेच्या व्यवस्थापकांनी बाजारात उतरता पक्का ओटा बांधावा, जिल्हा प्रशासनाने वाहन तपासल्याविना रवानगी होऊ देऊ नये, आणि खरेदीदाराने मुक्काम दोन दिवस वाढवावा. जातिवंत घोड्यासाठी जो लाखो रुपये मोजतो, त्याने त्याच्या निर्भयतेसाठी दोन दिवस मोजणे हे औदार्य नसून धनी म्हणविण्याची पहिली अट आहे.