लाठी आणि एके-४७

पोलिसाबद्दल चार चांगले शब्द लिही, असं कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. लाठी आमच्या वस्तीला पाठीवरनं ठाऊक आहे. ११ जुलै १९९७. घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून माणसं रस्त्यावर आली, आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. हे विसरून मी कुणालाच सलाम ठोकणार नाही.

न विसरताच ठोकतोय. तुकाराम ओंबळेंना.

साताऱ्याच्या जावळी तालुक्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. आधी लष्कर, मग मुंबई पोलीस. हुद्दा सहायक फौजदार. २६ नोव्हेंबर २००८ची रात्र, बारा वाजून गेलेले, गिरगाव चौपाटीची नाकाबंदी. समोर कसाब, त्याच्या हातात एके-४७. ह्यांच्या हातात लाठी. ओंबळेंनी बंदुकीची नळी धरली ती सोडलीच नाही. गोळ्या पोटात घेतल्या. कसाब जिवंत सापडला.

दोस्तहो, जिवंत सापडला, इथं थांबा जरा. म्हणून खटला उभा राहिला. त्याला वकील मिळाला, सुप्रीम कोर्टापर्यंत अपील झालं, आणि मग २१ नोव्हेंबर २०१२ला येरवड्यात फाशी. याला म्हणतात कायदा. आणि ज्या खात्यात हा माणूस होता, त्याच खात्याच्या कोठडीत पाकीटमारीच्या संशयावर धरलेलं पोरगं सकाळी मेलेलं सापडतं! ओंबळेंच्या फोटोला हार घालणाऱ्या साहेबांनी आधी याचं उत्तर द्यावं.

आता मेणबत्तीवाल्यांकडे वळतो. २००९ला अशोकचक्र दिलं, चौपाटीवर पुतळा बसवला. बरं केलं. पण बंदुकीपुढं लाठी देऊन माणूस उभा कुणी केला? ते विचारायचं नाही, कारण पुतळा बोलत नाही. जिवंत शिपाई बोलला तेव्हा काय केलंत? ऑगस्ट १९८२मध्ये संघटनेची मान्यता काढून घेतली म्हणून मुंबईचे शिपाई खवळून रस्त्यावर उतरले, तर तुम्ही लष्कर आणलंत, कित्येकांना घरी बसवलंत. गिरणी कामगाराला संप आहे, शिपायाला नाही. त्यानं बारा-बारा तास उभं राहायचं, गळक्या क्वार्टरमध्ये झोपायचं, आणि हुकूम आला की आमच्यावर लाठी उगारायची. मारणारा गरिबाचा, मार खाणारा गरिबाचा. हुकूम देणारा कुठल्या मजल्यावर बसतो ते शोधा!

म्हणून आपल्या पोरांना सांगतो : दर २६ नोव्हेंबरला आपण संविधानाची उद्देशिका वाचतो, १९४९ला त्याच तारखेला घटना स्वीकारली म्हणून. त्या सभेत ओंबळेंचं नावही घ्या. रमाबाई नगरातल्या दहा जणांचीही नावं घ्या. एकाच सभेत, एकाच आवाजात. नाक्यावरचा शिपाई ऐकत उभा असेल, त्यालाही ऐकू जाऊ द्या.